दुपारच्या जांभया

चिचटोल्याच्या ठमाबाईला अस्वलानं धरलं ते चैत्रात, मोह वेचताना. मोहाचा सडा पडला की माणसं आणि अस्वलं एकाच झाडाखाली येतात, हे त्या जंगलातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ठमाबाईलाही ठाऊक होतं. म्हणून ती चांगलं उजाडेपर्यंत थांबली, हातात काठी घेतली, वाटेनं मोठ्यानं खाकरत गेली. टोपली निम्मी भरली होती. वाकलेली असताना तिच्या मानेवर गरम, ओलसर वारा आला. तिला वाटलं, आपली मोठी जाऊ सीता मागून आली. "सरक व जराशी," असं म्हणत ती वळली.

लोक धावून आले तेव्हा अस्वल निघून गेलं होतं. तिचा डावा कान, अर्धा गाल आणि डोक्याची कातडी जागेवर नव्हती. नवरा सोमाजी आणि गावच्या माणसांनी तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं, तिथून एका लाकडाच्या ट्रकमधून चांद्याला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिला जमेल तशी शिवली. डोळा वाचला. बोलता येऊ लागलं. आखाडात ती घरी आली तेव्हा तिची लहान पुतणी तिला पाहून पाठच्या दारानं पळाली, पण चार दिवसांत तीच पोर मांडीवर येऊन बसू लागली. तोंडाचं दुःख ठमाबाईनं फार केलं नाही. दुखण्याचं काय करायचं ते मात्र तिला कळेना. जिथं कान उरलाच नव्हता तिथं कान दुखे. जबड्यात कुणी तापलेली सळई फिरवावी तसं होई. घास चावता येईना, कूस बदलता येईना.

सोमाजीनं तिला बाजारातल्या लच्छूकडे नेलं. लच्छू दर आठवड्याला सडकेवरच्या बाजारात चादर अंथरून बसे. मुळ्या, तेलाच्या बाटल्या, साळिंदराचे काटे, आणि मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या.

"कशाच्या हायत या?" सोमाजीनं विचारलं.

"जंगलाच्या," लच्छू म्हणाला. "खा अन् पाह्य."

ठमाबाईनं गोळी खाल्ली. चव कडू, मातीसारखी. बाजारातून घरी येईतो दुखणं गेलं नव्हतं, पण दूर जाऊन उभं राहिलं होतं, परक्या माणसासारखं. त्या दिवशी तिनं किती महिन्यांनी पोटभर भात खाल्ला. मग एक गोळी सकाळी, एक दिवे लागताना. पुढं दुपारचीही लागू लागली. पुढं एकीच्या जागी दोन. दुखणं थांबतंय ना, मग कोण हिशेब ठेवतं? हिवाळा लागला आणि सोमाजी बांबूच्या कटाईवर गेला. कटाईवर गेलेला माणूस उन्हाळ्यापर्यंत जंगलातच असतो. ठमाबाई मोठ्या दिराच्या, बापूरावच्या घरी त्याच अंगणात राहिली.

एका बाजाराला लच्छू आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमाबाई अंगणात तूर पाखडत होती. ऊन पांढरं पडलं होतं. कोंबड्या भिंतीच्या सावलीला गप्प बसल्या होत्या. तिला जांभई आली. मग दुसरी, तिसरी. जबडा फाटेल अशा जांभया एकीमागून एक. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, नाक गळू लागलं. दंडावर काटा आला, तो मानेपर्यंत चढला, डोक्यावर उरलेले केस मुळातून उभे राहिले. आणि नेमक्या त्याच जागी, मानेवर, गरम ओला वारा आला.

या वेळी ती वळली नाही. वळून काय दिसेल ते तिला माहीत होतं.

घशातून काहीतरी आवाज निघाला. आपलाच असेल, पण ओळखीचा वाटला नाही. सीता घरातून बाहेर आली, तिनं ठमाबाईच्या हातावरचे उभे केस पाहिले आणि आपल्या हातातलं सूप टाकून ओरडली, "अवं माय, हिच्यात अस्वल आलं व!"

त्या मुलखात अंगात येणाऱ्या बाईला आधी जांभया येतात, मग काटा येतो, मग ती घुमते. हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. ठमाबाईला तेच होत होतं, फक्त देवाऐवजी जनावर आलं होतं. संध्याकाळपर्यंत टोल्यातली अर्धी वस्ती अंगणात जमली. दुसऱ्या दिवशी बापूरावनं लच्छूला गाठून गोळ्या आणल्या, ठमाबाई शांत झाली, आणि लोक म्हणाले, अस्वल झोपलं.

बापूरावच्या घरात देव नव्हते. त्याच्या बापानं छप्पनच्या साली चांद्याला जाऊन दीक्षा घेतली होती आणि घरातले टाक नदीत सोडले होते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. गावात कुणी हटकलं तर बापूराव म्हणे, "आपन देव मानत नाई. पन जनावर तं हायच ना जंगलात? तिच्या अंगावर त्याचे दात हायत. आता तुमी सांगा, हे खोटं हाय का?"

लोक येऊ लागले. हरवलेली गाय कुठं आहे, पोराला ताप का येतो, यंदा हत्तीरोगाचा पाय उतरेल का. नारळ, कोंबडी, पायलीभर तांदूळ घेऊन येत. बापूराव त्यांना अंगणात बसवी. ठमाबाई जांभया देई, थरथरे, पाय झाडी, आणि तिच्या तोंडून शब्द निघत. तिला ते शब्द ऐकू येत, जसे पलीकडच्या खोलीत कुणी बोलावं तसे. पोटात कळ येई, हाडांत मुंग्या चालत, आणि मानेवर तो श्वास सारखा पडत राही. जे आधी तोंडात येई ते ती बोलून टाके, केवळ तो श्वास थांबावा म्हणून. लोक त्यातून आपापला अर्थ काढत.

काही दिवस अस्वल येई, काही दिवस येत नसे. ज्या दिवशी जास्त लोक यायचे असत त्या दिवशी मात्र हमखास येई. याचं ठमाबाईला नवल वाटे. गोळ्यांची पुडी ती उतरंडीच्या मागं ठेवी. नेमकी त्याच दिवशी ती पुडी सापडत नसे.

तेंदूपानाचा हंगाम आला. उन्हाळा असा की सागाच्या रानात पान नव्हतं, सगळी झाडं उघडी, आणि दुपारी त्या रानातून पाखराचाही आवाज येत नसे. केसरबाई नावाची एक बाई अंगणात येऊन बसली. तिचा नवरा जंगू पानं तोडायला गेला तो परतला नव्हता.

"माह्या माणूस कुठी हाय?" तिनं विचारलं.

ठमाबाईचे दात वाजत होते. "बसला हाय," ती म्हणाली.

"कुठी बसला हाय?"

"बसला हाय. उठत नाई."

केसरबाईनं पुन्हा पुन्हा विचारलं. ठमाबाई तेवढंच म्हणत राहिली. पुढं लोकांना जंगू सापडला तो एका ऐनाच्या झाडाला पाठ टेकून बसलेला. पाय पुढं पसरलेले, मांडीवर पानांचा पुडका, डोळे उघडे. उन्हानं गेला की पान लागून, म्हणजे साप चावून गेला, कुणाला सांगता आलं नाही. अंगावर कुठं जखम नव्हती.

ही बातमी ऐकल्यावर ठमाबाई घरात गेली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. आपण असं का बोललो, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं जंगूला पाहिलं नव्हतं, तो मनातही नव्हता. आतापर्यंत अस्वल पाठीमागं आहे असं तिला वाटे. आता ते आत आहे, तिच्याच डोळ्यांतून बघतं आहे, असं वाटू लागलं. अंगणात लोक दुपटीनं येऊ लागले. ते आता मोठ्यानं बोलत नसत. येऊन बसत आणि तिच्या तोंडाकडे पाहत वाट बघत.

कटाई संपवून सोमाजी घरी आला तो अशाच एका दुपारी. अंगण माणसांनी भरलं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मधोमध त्याची बायको मातीत पडून पाय झाडत होती, तोंडातून लाळ गळत होती. बापूराव नारळ फोडत होता.

"काय चालून राह्यलं हे, भाऊ?" सोमाजीनं विचारलं.

"थांब. आता बोलंल ते."

सोमाजी तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. तिनं त्याला ओळखलं. "गोळी दे," ती कुजबुजली. "पुडी दिसून नाई राह्यली."

त्यानं घर धुंडाळलं. उतरंड, आढं, पेटी. मग त्याची नजर बापूरावच्या कमरेकडे गेली. धोतराच्या कनवटीला कागदाचं टोक दिसत होतं. सोमाजी आयुष्यात मोठ्या भावासमोर मान वर करून बोललेला नव्हता. त्यानं हात घालून पुडी ओढून काढली.

"तुमाले मालूम होतं," तो म्हणाला.

बापूराव हसला, पण ओठांनीच. "मले एवढंच मालूम हाय का गोळी देल्ली का ते झोपते. लोक लांबून येतेत, सोमा. त्याहीले काय सांगू, आज झोपलं हाय म्हनून?"

सोमाजीनं तिला गोळी चारली आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. हळूहळू पाय थांबले. काटा उतरला. ठमाबाई उठून बसली, तिनं पदर सारखा केला आणि लोकांकडे पाहून लाजली. अंगणातून एक उसासा गेला, खेळ मध्येच थांबल्यासारखा. सोमाजी त्या काळ्या गोळ्यांकडे पाहत म्हणाला, "गोळीनं जाते ते अस्वल कसं?"

दुसऱ्या सकाळी त्यानं तिला यष्टीत बसवलं.

सडकेवरच्या मोठ्या गावात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथले डॉक्टर अल्लूरवार म्हणजे म्हातारे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी एक गोळी नखानं फोडली, वास घेतला, आणि ठमाबाईच्या डोळ्यांत विजेरी मारून पाहिली.

"किती दिवसांपासून अफू खाता, बाई?"

"अफू?" सोमाजीच मध्ये बोलला. "अफू तं लोक नशेसाठी खातेत, डाक्टरसाब. हिले तं दुखत होतं."

"शरीराला कारण कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "रोज मिळत गेलं, त्यानं त्यावर घर बांधलं. आता एक वेळ चुकली की घर हलतं. जांभया, डोळ्याला पाणी, काटा, पोटात कळा, पाय झाडणं. सगळं अफूचं आहे. अस्वलानं तुमचा कान नेला, गाल नेला, बाकी काही नेलं नाही."

ठमाबाईला हे ऐकू आलं, पटलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की अफू एकदम तोडायची नाही, एवढ्या खंगलेल्या अंगाला ते झेपायचं नाही. इथंच ठेवून, नजरेसमोर, मोजून अफूचा अर्क द्यायचा आणि थोडा थोडा कमी करत न्यायचा. तिला त्यातलं एकच कळलं, अस्वलाचं खाणं रोज कमी करणार. मग ते भुकेजेल. भुकेलं जनावर काय करतं, हे या शहाण्या माणसाला कुणी सांगायचं?

बायकांच्या खोलीत खिडकीजवळची खाट तिला मिळाली. जैनब नावाची सिस्टर लहानशा काचेच्या पेल्यात तपकिरी औषध आणी, आधी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघे आणि मगच देई. पेला संपेपर्यंत समोरून हलत नसे. सोबत एक पांढरी गोळी होती, तिनं काटा आणि तळमळ कमी होई, पण उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येई. "एकटीनं उठायचं नाई हां," जैनब बजावी. "मले हाक मार. लाजू नको."

सुरुवातीचे दिवस बरे गेले. पेल्यातला घोट कमी होऊ लागला तसं दुपारी ते येऊ लागलं. खोलीत इतर बायका पेंगत असत, पंखा बंद पडलेला असे, आणि ठमाबाईला आधी वास येई, ओल्या केसांचा आणि मोहाचा. मग मानेवर श्वास. ती भिंतीला पाठ लावून बसे. तरी तो श्वास येई, भिंतीच्या आणि पाठीच्या मधून.

"जैनबबाई, माह्या मागं पाहा ना," ती म्हणे.

जैनब खरोखर मागं जाऊन पाही. हसत नसे. "भिंत हाय. बाकी कुछ नाई."

एका सकाळी तिनं ठमाबाईला हाताला धरून वऱ्हांड्यात नेलं. बाकावर एक दांडगा माणूस चादर पांघरून बसला होता. तो घुग्घुसच्या कोळशाच्या गाड्या चालवणारा ड्रायव्हर, पोचू. अफू चहात घालून पीत पीत त्यानं वर्षानुवर्षं गाडी चालवली होती.

"पोचूभाऊ, हात दाखवा बाईले," जैनब म्हणाली.

पोचूनं चादरीतून हात काढला. हातावरचा केस न् केस उभा होता. त्याला जांभई आली, डोळ्यांतून पाणी आलं, लागोपाठ दुसरी जांभई आली. ठमाबाई एक पाऊल मागं सरली. आपल्याला जे होतं ते बाहेरून कसं दिसतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"याच्यात कोनतं अस्वल शिरलं, सांग," जैनब म्हणाली.

"अस्वल नाई, बाई," पोचू नाक पुसत म्हणाला. "माह्या गाडीचा बिरेक गेला हाय. खाटेवर पडलो तरी उतारानं चाललोच हाय. भरलेली गाडी हाय, अन् समोर फाटक बंद."

ठमाबाई त्याच्या शेजारी बसली. त्याला जांभई आली की तिलाही येई. मानेवर श्वास पडत होता, पण पोचूच्या मानेवर काही नव्हतं हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तोही तिच्या मागं बघून मान हलवत होता, काही नाही म्हणून.

मग गावची माणसं आली.

दुपारची वेळ. जैनब औषधाच्या कपाटाशी होती. ठमाबाईनं खिडकीतून पाहिलं तर आवारातल्या निंबाखाली लोक बसले होते. पुढं बापूराव, मागं ओळखीचे आणि अनोळखी, हातात नारळ. कुणी हाक मारली नाही. कुणी आजारपण विचारायला आत आलं नाही. सगळे खिडकीकडे तोंड करून, डोळे न हलवता बसले होते. त्यांना वेळ माहीत होती.

ठमाबाईच्या जबड्यात जांभई उठली. तिनं दात आवळून धरले, शिवलेला गाल फाटेल असं दुखलं, तरी जांभई आलीच. निंबाखालची माणसं एकदम उठून उभी राहिली.

जैनब धावत आली. "खिडकी लावू?"

"नको," ठमाबाई म्हणाली. "मले धर."

जैनबनं तिला कमरेला धरून उभं केलं. काटा चढत होता, श्वास मानेवर आला होता आणि तोंडात शब्द गोळा होत होते, ते नेहमीचे, कुठून येतात ते माहीत नसलेले. तिनं गज धरले. आधी तिला ओकारी आली, ती तिनं सगळ्यांच्या देखत खिडकीतून बाहेर ओकली. मग ती ओरडली.

"मी ठमा बोलून राह्यली! जनावर नाई! माह्या पोटात कळ येऊन राह्यली! मले अफू पायजे, ऐकलं का? अफू पायजे मले!"

आवाज चिरका होता, पण तिचाच होता. ती तेच पुन्हा पुन्हा ओरडत राहिली, हगवण लागली आहे तेही ओरडून सांगितलं, लाज सोडून. निंबाखाली कुजबुज झाली. एकेक माणूस पागोटं सारखं करत फाटकाकडे वळला. बापूराव सगळ्यात शेवटी गेला. फक्त केसरबाई थांबली. ती खिडकीखाली आली.

"मंग माह्या माणसाचं तुले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

ठमाबाई गजांना धरून खाली वाकली. "मले नाई मालूम, बाई," ती म्हणाली. "खरंच नाई मालूम."

केसरबाईनं मान हलवली. नारळ तिनं खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि निघून गेली. जैनबनं तो नारळ फोडून खोलीतल्या सगळ्या बायकांना वाटला. ठमाबाईला एक तुकडाही गिळवला नाही.

त्यानंतरचे दिवस सर्वांत वाईट होते. डॉक्टरांनी घोट कमी करणं दोनदा थांबवलं, सलाईन लावलं. तिनं जैनबचे पाय धरले, शिव्या दिल्या, सोमाजीला म्हणाली की लच्छूला शोधून आण नाहीतर तोंड दाखवू नको. सोमाजी बाहेर जाऊन बसे आणि पुन्हा आत येई. पोचू एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेला, बाकावर त्याची चादर घडी घालून ठेवलेली होती. त्याची गाडी थांबली की नाही, कळलं नाही. आणि मग एकदा ठमाबाई सकाळी जागी झाली तेव्हा तिला कळलं की आपण झोपलो होतो. पेल्यात आता नुसतं साखरेचं पाणी असतं, हे जैनबनं तिला त्यानंतर सांगितलं.

गाल दुखतच राहिला. डॉक्टरांनी दुसरी औषधं दिली, त्यांनी तो अर्धा दुखे. अर्धं दुखणं ती सोसू लागली. चिचटोल्यात परत आल्यावर सोमाजीनं भावाचं अंगण सोडलं आणि तळ्याच्या पाळीपलीकडे झोपडी घातली. पहिले काही दिवस दुपारी कुणीतरी येऊन दाराशी बसे. ठमाबाई त्यांच्यासमोर मिरच्या कुटत बसे. ती खोकली तरी लोक टवकारून बघत. हळूहळू यायचे थांबले. मानेवर मात्र अधूनमधून अजूनही वारा येई, विशेषतः रानात माणसाचा आवाज नसला म्हणजे. ती मागं वळून पाही, नीट पाही, आणि मग आपल्या कामाला लागे.

धान कापणी झाली त्या सुमारास ती तळ्यावरून पाणी घेऊन येत होती. बापूरावच्या अंगणात पुन्हा माणसं बसलेली दिसली. कुणी बोलत नव्हतं. त्यांच्यापुढं, घराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर सीता बसली होती. तिच्या अंगावर कुठल्या जनावराचा ओरखडाही नव्हता, पण ती जांभया देत होती, एकीमागून एक, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. ठमाबाईनं घागर खाली ठेवली, माणसांतून वाट काढली आणि सीताच्या हाताची बाही वर केली. केस उभे होते.

"किती दिवसांपासून देऊन राह्यले तुले?" तिनं विचारलं.

सीतानं नवऱ्याकडे पाहिलं. "माही कंबर दुखत होती," ती हळूच म्हणाली. "हे म्हनले, औषध हाय. ठमे, माह्या मागं कोनी हाय का व?"

ठमाबाई तिच्या पाठीमागं गेली. तिनं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जैनब पाहत असे तसं. "भिंत हाय," ती म्हणाली. "ऊठ. अजून यष्टी सापडते."

बापूराव आडवा आला. ठमाबाईनं आपला पदर मागं सारला आणि तो शिवलेला अर्धा चेहरा त्याच्या तोंडासमोर नेऊन नुसती उभी राहिली. बापूराव बाजूला झाला. ती सीताचा हात धरून सडकेकडे निघाली. सीता वाटभर थरथरत होती, दर थोड्या वेळानं मागं बघत होती, आणि दर वेळी ठमाबाईही थांबून तिच्यासोबत मागं बघत होती.